प्याला आणि घास

परदेशप्रवासाचे लेख आमच्याकडे पुष्कळ येतात. रोम, लुर्द, फातिमा, पवित्र भूमी या वाटा आता इतक्या मळल्या आहेत की लेख न उघडताही त्यात काय असेल ते सांगता यावे. या खेपेस मात्र निराळा लेख हाती आला. लेखिका अमरावती धर्मप्रांतातील, परतवाड्याकडची. नोकरीनिमित्त वर्षभर स्पेनमध्ये राहून आलेली. सेव्हिलच्या भव्य कथेड्रलविषयी तिने चार ओळी लिहिल्या आहेत आणि उरलेली अकरा पाने त्या शहरातील संध्याकाळींवर, म्हणजे तेथील पानगृहांवर, द्राक्षारसावर आणि त्यासोबत मिळणाऱ्या चिमुकल्या ताटल्यांवर खर्च केली आहेत.

लेख वाचून आमच्या मंडळात दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे, की हे त्रैमासिक धर्मग्रामांतील कुटुंबे वाचतात; ज्या घराची चूल दारूने विझली आहे त्या घरी हा लेख कोणत्या तोंडाने पाठवायचा? दुसऱ्याचे म्हणणे असे, की दररोज वेदीवर द्राक्षारस अर्पण करणाऱ्या समाजाला त्याचे नाव काढण्याचा एवढा संकोच कशाला? आम्हाला दोन्ही म्हणणी पटली. लेख छापावा की छापू नये हा प्रश्न तसा लहान आहे. पेल्याविषयी लिहायला बसले की मराठी लेखणी कोठे आणि का अडखळते, हा त्यामागचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याविषयीच येथे थोडे लिहिणार आहोत.

प्रथम लेखाविषयी. स्पॅनिश भाषेत 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून पूर्वी त्यावर पावाची किंवा मांसाची चकती ठेवीत, त्यावरून हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. कोणी ती तेराव्या शतकातील राजा दहावा आल्फोन्सो याच्यापर्यंत नेऊन भिडवतात. या कथांना दंतकथांपलीकडे किंमत देण्याचे कारण नाही. पण पेल्याला झाकण असावे आणि ते खाण्याचे असावे, ही कल्पना मात्र मनोहर आहे. सेव्हिलमध्ये एल रिंकॉनसिल्यो नावाचे पानगृह आहे. ते १६७० सालापासूनचे म्हणून सांगतात. तेथे गिऱ्हाईक लाकडी फळीपाशी उभे राहते, वाढपी त्याचा हिशेब त्या फळीवरच खडूने मांडतो आणि पैसे चुकते झाले की पुसून टाकतो. लहानशा पेल्यात हेरेझकडची थंड, कोरडी शेरी. सोबत बशीभर पालक आणि हरभरे. होय, हरभरेच. जिरे आणि लसूण घालून शिजवलेली ती भाजी सेव्हिलची खासियत समजली जाते. हे वाचून आमच्या अकोल्याच्या वाचकांना स्पेन एकदम जवळचा वाटू लागेल. ग्रानादा शहरात तर पेला मागवला की ताटली फुकट येते, दुसरा मागवला की दुसरी येते. जेवणानंतर कोणी कसाल्या गावची, बडीशेपेच्या वासाची कडक दारू बोटभर घेतो आणि घरी जातो.

लेखिकेला निरीक्षण आहे. आजीबाई नातवाचा हात धरून पानगृहात येतात, नातू ऑलिव्हच्या बिया मोजतो, आजी अर्धा पेला घेते आणि शेजारणीशी भांडते, हे तिने छान टिपले आहे. माणसे एका जागी बसत नाहीत. एक पेला, एक घास, की पुढच्या दुकानी. त्यामुळे पिण्यापेक्षा चालणे आणि बोलणेच अधिक होते. येथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. सेव्हिलमध्ये जणू कोणी कधी झिंगतच नाही, असा या अकरा पानांचा सूर आहे. तो खरा नाही. त्याच आंदालुसिया प्रांतात तरुणांनी रात्री चौकात जमून स्वस्त बाटल्या रिचवण्याचा प्रकार इतका वाढला, की २००६ साली त्याविरुद्ध प्रांताला स्वतंत्र कायदा करावा लागला. परदेशी गेलेल्या मराठी लेखकाची ही जुनीच खोड. तेथील रस्ता स्वच्छ दिसला की झाडणारा दिसत नाही. तेथील पेला सुंदर दिसला की उलटी पुसणारी बाई दिसत नाही. आपल्याकडच्या कुरूपतेला कंटाळलेला डोळा परक्या देशात विश्रांती घेत असतो. ते समजण्यासारखे आहे, पण विश्रांती घेणाऱ्या डोळ्याने समाजाचे वर्णन करू नये.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. तिच्याकडे शब्द नाहीत. शेरीला ती कधी 'वाइन' म्हणते, कधी 'द्राक्षारस', एका ठिकाणी 'मद्य', आणि अकराही पानांत 'दारू' हा शब्द एकदाही येत नाही. तो तिने चुकवला आहे हे स्पष्ट दिसते, आणि त्याचा दोष आम्ही तिच्याकडे देत नाही. मराठी बायबलमध्ये काना गावच्या लग्नात जे संपते आणि पुन्हा रांजण भरभरून निर्माण होते, तो 'द्राक्षारस'. शब्दाचा सरळ अर्थ द्राक्षाचा रस एवढाच. त्यात नशेचा मागमूस नाही. भाषांतरकारांनी वेदीसाठी एक सोवळा शब्द राखून ठेवला, आणि घरासाठी, गल्लीसाठी, पोलीस ठाण्यासाठी 'दारू' उरली. ही दारूही किती अर्थांची! मूळ फारसीत तिचा अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो आजही जिवंत आहे. मराठीत ती तोफेतही जाते आणि लग्नाच्या वरातीत आकाशातही उडते. औषध, स्फोटक आणि नशा असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात जो पिण्याचा परवाना मिळतो, तोही प्रकृती राखण्याच्या कारणाने मिळतो. फारसी अर्थ असा सरकारी कागदावर अजून टिकून आहे! त्याच कायद्याने धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला वाट ठेवली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी पिणारा एक तर आजारी असतो नाही तर उपासक. मित्रांसोबत अर्धा पेला घेऊन घरी जाणारा धडधाकट माणूस या भाषेत बसत नाही.

तो मराठी साहित्यातही बसत नाही. येथे थोडे थांबले पाहिजे.

मद्यपानावरील मराठी साहित्याचा एक धागा थेट वऱ्हाडातून निघतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली आणि मद्यपाननिषेधासाठी 'मूकनायक' हे नाटक १९०१ च्या सुमारास लिहिले. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या वर्गात पेला हे सुधारणेचे चिन्ह होऊन बसले होते, तेव्हा या विषयाची गरज होतीच. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी तोच विषय घेतला, आणि गुरूचे नाटक अभ्यासकांपुरते उरले असताना शिष्याचे 'एकच प्याला' घराघरांत गेले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले. नाटक त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच बडोद्यास रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. आमच्या धर्मग्रामांच्या सणांतून त्याचे प्रवेश हौशी मंडळींनी केलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. सुधाकराचे काम करणारा गृहस्थ प्रत्यक्षातही सुधाकरच होता. प्रयोगानंतर त्याची बायको रंगपटाबाहेर उभी राहून ढसाढसा रडत होती, आणि ते रडणे नाटकासाठी नव्हते.

या नाटकाच्या सामर्थ्याविषयी आम्हाला शंका नाही. पण त्याच्या शीर्षकाकडे पाहा. सुधाकर हुशार वकील. भर न्यायालयात अपमान होतो, सनद जाते, आणि ते शल्य विसरण्यासाठी कारकून तळीराम त्याच्या हाती पेला देतो: एकच. नाटकाचा सारा युक्तिवाद त्या 'एकच'च्या विरुद्ध आहे. एक प्याला असा नसतोच. पहिला हाच शेवटला असतो, कारण त्यानंतर माणूस आपल्या हाती उरत नाही. तान्हे मूल, सिंधू, सुधाकर, सगळे जातात. सेव्हिलची सारी संध्याकाळ मात्र नेमकी त्या 'एकच'वर उभी आहे. एकच प्याला, एकच घास, आणि दुसऱ्या दुकानाची वाट. गडकऱ्यांना जे अशक्य वाटले ते एका शहराने आपली रीत करून टाकले आहे.

मग गडकरी चुकले काय? आम्हाला तसे वाटत नाही. सुधाकराचा पहिला पेला कोणत्या परिस्थितीत येतो ते पाहावे. तो अपमानातून येतो, आणि घरातल्या कोणाच्याही पाठीमागे येतो. सिंधूला त्या पेल्यापाशी जागा नाही; ती फक्त त्याचे परिणाम सोसण्यासाठी आहे. सुधाकराला बिघडवणारी एकटी दारू नाही, ती पिण्याची जागाही आहे. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' हे बायका, मुले, म्हातारी माणसे वगळून जमलेल्या पुरुषांचे मंडळ आहे. तेथे मर्यादा घालणारे कोणीच नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे प्रथम कोणाच्या ध्यानी येते? मरियेच्या. ती पंगतीत आहे, तिचे लक्ष आहे, आणि मुलाच्या कानी घालण्याचा तिला अधिकार आहे. एका बाजूस ही आई आणि दुसऱ्या बाजूस रंगपटाबाहेरची ती बायको ठेवली, की आमच्या मते मद्यपानाचा निम्मा प्रश्न उलगडतो. बाटलीत काय आहे याच्या आधी, बाटलीभोवती कोण आहे हे विचारावे.

महाराष्ट्रात सिंधूला या बाबतीत अधिकार मिळाला तो फार उशिरा, आणि मिळाला तोही केवळ नकाराचा. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते. उभी बाटली आणि आडवी बाटली ही ती दोन चिन्हे. वऱ्हाडातही बायका यासाठी रांगा लावून उभ्या राहिल्या आहेत. हा अधिकार मोलाचा आहे. आमच्या लेखिकेची सेव्हिलची आजी नातवाला घेऊन पानगृहात जाते, हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की आमच्याकडची आजी मतपेटीपाशी जाते, कारण पानगृहात तिला पाऊल टाकता येत नाही.

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही परमिट रूमचे दार आठवावे. काळी काच, जाड पडदा, आत दिवसाही रात्र. हे अंधाराचे वास्तुशास्त्र लाजेने रचलेले आहे. आत जाताना कोणी पाहू नये, बाहेर पडताना तर नकोच. लाज असली की माणूस भराभर पितो. समोर चकणा असतो: फुटाणे, शेंगदाणे, शेव, कांदा-लिंबू, मिरची. 'तापा'चा आमचा पर्याय हाच, पण दोहोंत एक भेद आहे. सेव्हिलची ताटली पेल्याला मागे खेचते. आमचा चकणा इतका खारट आणि तिखट असतो की पेल्याला पुढे ढकलतो. दुकानदाराचे गणित चुकलेले नाही. अमरावतीचा गिला वडा, वऱ्हाडी भजी, पानगे, गोळाभात, इतके खाण्याचे वैभव असलेल्या प्रदेशाने पिणाऱ्यापुढे मूठभर फुटाणे टाकावेत, याला आम्ही दारिद्र्य म्हणत नाही, तिरस्कार म्हणतो. पिणाऱ्याला जेवू घालण्याच्या लायकीचा माणूस म्हणून कोणी पाहतच नाही.

येथे आम्हाला गाडगेबाबांची आठवण होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागून अकाली गेले आणि आई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास, आली. अमरावती ते अकोला हा त्या पोराचा प्रवास दारूने घडवलेला आहे. पुढे त्याने गावोगावच्या कीर्तनांतून दारूवर जो हल्ला चढवला त्याला वैयक्तिक धार होती. पण त्याच्या चरित्रातील एक प्रसंग आमच्या दृष्टीने कीर्तनांहून बोलका आहे. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण देण्याची रीत होती. डेबूने ते दिले नाही. गोडाचे जेवण घातले. लोक 'दारू दिली नाही' तेवढेच सांगतात. आम्हाला 'जेवण घातले' हे महत्त्वाचे वाटते. त्याने पंगत मोडली नाही. माणसे एकत्र येण्याची भूक खोटी आहे असे तो म्हणाला नाही. आमच्या दारूबंदीच्या प्रचारकांनी, आणि त्यात आमचे रिट्रीट घेणारे प्रवचनकारही आले, पुष्कळदा उलट केले आहे. त्यांनी पेला काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही.

आता थोडे घरातल्या घरात. हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणसाच्या हातात बाटली दिली ही आपल्या समाजाची जुनी व्यथा. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी दारूचा अड्डा चालवतो आणि देवळातही जातो. प्रेक्षक हसतात, आपण कानकोंडे होतो. पण आमच्याकडे कथास्पर्धेसाठी येणाऱ्या कथांचे काय? त्यांतला बाप दारुडाच असतो. तो पहिल्या पानावर बायकोला मारतो, सातव्या पानावर त्याला पश्चात्ताप होतो आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो नव्या सदऱ्यात दिसतो. अशा कथा आम्ही डोळे मिटून ओळखतो. त्या खोट्या आहेत असे नाही. ज्या घरांतून त्या येतात तेथील आसवे खरी आहेत. पण त्यांतही अँथनीप्रमाणेच बाटलीमागचा माणूस हरवलेला असतो. तो काय काम करतो, मजुरी किती मिळते, कापसाचा हंगाम बुडाला की कोणाकडे हात पसरतो, हे कथेला ठाऊकच नसते. दारू हेच कारण आणि दारू हाच परिणाम.

हा केवळ वाङ्मयीन दोष असता तर आम्ही सोडून दिला असता. वऱ्हाडात तो जिवावर बेतलेला आहे. या प्रदेशात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या, २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्या सहांत अमरावती आणि अकोला होते. त्या वर्षांत आत्महत्येचे कारण म्हणून दारूचे व्यसन पुढे करणारे आवाज वारंवार उठले. कर्ज, बोंडअळी, कोरडवाहू जमीन, पडलेला भाव यांची चौकशी करावी लागते. 'दारू' हा शब्द उच्चारला की चौकशी संपते. मेलेला माणूस पीत असेलही. पण तो का पीत होता हे विचारायला ज्या भाषेजवळ शब्द नाहीत, त्या भाषेत त्याच्या विधवेला न्याय मिळणे अवघड आहे.

शब्दांची ही विषमता दुसऱ्या टोकालाही दिसते. २०२२ च्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असे एक विधान पुष्कळ गाजले. विरोध झाला, प्रकरण थंडावले. त्या विधानाला लोक हसले; आम्ही मात्र विचारात पडलो. नाशिकच्या द्राक्षाचे जे होते ती वाइन, आणि मेळघाटातल्या मोहाच्या फुलाचे जे होते ती हातभट्टी. एक बागायतदाराची, दुसरी कोरकूची. मोहाचे फूल चैत्राच्या आगेमागे पहाटे गळते, ऊन चढण्यापूर्वी बायकामुले ते टोपल्यांत वेचतात, वाळवतात. भुकेच्या दिवसांत ते खाल्लेही जाते आणि आंबवून त्याची दारूही निघते. लग्नात ती लागते, मरणाच्या विधीतही लागते. इंग्रजी अमदानीत सरकारला आबकारीचे उत्पन्न हवे होते. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे फूल जवळ बाळगण्यावरही बंधने आणली. गरिबाची दारू गुन्हा ठरली ती प्रथम त्याच्या प्रकृतीच्या काळजीने नव्हे. मेळघाटाला लागून असलेल्या मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला 'वारसा' मानण्याचे धोरण आखले. डोंगराच्या एका उतारावर वारसा, दुसऱ्यावर गुन्हा. झाड मात्र तेच.

मोहाचे आम्ही गोडवे गात नाही. मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ते शोभणारही नाही. पण मर्यादेने, घासासोबत, आजीच्या देखत घेण्याची रीत केवळ स्पेनमध्येच जन्मली, हा आमच्या लेखिकेचा समज आम्हाला मान्य नाही. गोव्यात क्रुसापाशी किंवा घरी लादाईन गाऊन झाली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप आणि बोटभर फेणी मिळते. फेणी न घेणारा चणे घेतो आणि त्याला कोणी का म्हणून विचारत नाही. मुंबई-ठाण्याकडील ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नात, स्नानसंस्काराच्या वेळी मसाले घालून गरम केलेला 'खिमाड' दिला जातो. हे सारे मराठी-कोकणी ख्रिस्ती घरांतले आहे. आधी प्रार्थना, मग घास, मग पेला, आणि तो सर्वांच्या देखत. सेव्हिलचे हरभरे आणि लादाईनीचे चणे यांत फार अंतर नाही. दुर्दैव हे की त्यावर कोणी लिहिले नाही; आणि जे लिहिले जात नाही त्याची पुढच्या पिढीला प्रथम लाज वाटते आणि मग त्याचा विसर पडतो.

आता पुन्हा लेखाकडे. नवव्या पानावर एक परिच्छेद पेनाने खोडलेला होता. खोडताना लेखिकेने एकच रेघ मारली होती, त्यामुळे तो वाचता येत होता. आम्ही तो वाचला याबद्दल तिची क्षमा मागतो. तिच्या आजोळच्या अंगणात मोहाचे झाड होते. मामाच्या लग्नात म्हाताऱ्या बायका भिंतीशी ओळीने बसल्या, पळसाच्या द्रोणात थोडी थोडी मोहाची आली, सोबत भाजलेले चणे. आजीने द्रोणातले चार थेंब आधी जमिनीवर सांडले, मग घोट घेतला, आणि उरलेला द्रोण शेजारणीकडे सरकवला. लेखिका तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला चणे मिळाले होते. त्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होते: हेच मामा पुढे दारूने गेले. त्या वाक्याखाली रेघ दोनदा ओढली होती.

अकरा पानांतला सर्वांत चांगला मजकूर हाच आहे. सेव्हिलची आजी आणि परतवाड्याकडची आजी एकाच लेखात आल्या असत्या, आणि त्यांच्यामध्ये तो मामा उभा राहिला असता, तर लेख कुठल्या कुठे गेला असता. हे लेखिकेला कळले होते, नाही तर तिने तो लिहिलाच नसता. आणि मराठीत याला जागा नाही हेही तिला कळले होते, म्हणून तिने तो खोडला. मामाचे मरण लिहिले की द्रोण खोटा ठरतो आणि द्रोण लिहिला की मरण हलके होते, अशी तिला भीती वाटली असावी. आमच्या वाङ्मयाने तिला ती भीती शिकवली आहे.

आम्ही लेख परत पाठवला आहे. कथेड्रलच्या चार ओळी काढल्या तरी चालतील, चौकातल्या बाटल्यांविषयी दोन ओळी घालाव्यात आणि नवव्या पानावरची रेघ पुसावी, असे कळवले आहे. 'दारू' हा शब्द जेथे लागेल तेथे वापरावा, असेही लिहिले आहे. मंडळातील ज्या सभासदाचा लेखाला विरोध होता, त्यांनी पत्राखाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: मामाचे नाव काय होते ते लिहा. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या अंकाची चार पाने आम्ही मोकळी ठेवली आहेत.